पाठवायचं बटण

ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. हे नाव छापखान्यातलं. थोरल्या मालकांच्या छापखान्यात ते रंग जुळवायला होते. गिऱ्हाईक कधी कापडाचा तुकडा घेऊन यायचं, कधी बिस्किटाच्या पुड्याचा कागद. एकजण तर स्वतःच्या भिंतीचा पोपडा रुमालात बांधून घेऊन आला होता आणि हाच रंग पाहिजे म्हणून अडून बसला होता. मास्तर तो तुकडा खिडकीपाशी नेत, मान वाकडी करून बघत आणि मग शाईच्या डब्यांकडे वळत. थोडं हे, चिमूटभर ते, असं करत रंग असा उतरायचा की गिऱ्हाईक गप्प.

पुढे छापखाना बंद पडला. थोरले मालक गेले. त्यांच्या मुलाने यंत्रं भंगारात घातली आणि त्याच जागेत नवा धंदा मांडला. दुकानांना, दवाखान्यांना, हॉटेलांना ऑनलाइन फीडबॅकचे फॉर्म करून द्यायचे. आपण काही विकत घेतलं की फोनवर येतं ना, ‘आमची सेवा कशी वाटली?’, ते. प्रश्न बहुतेकांचे सारखेच. बदलतो तो वेष. त्या त्या दुकानाचा लोगो, त्याचे रंग, अक्षराचं वळण, वर एखादं चित्र, मत द्यायला चांदण्या की हसरे-रडके चेहरे, खालचं बटण गोल की चौकोनी.

“काका, तुम्ही आता कुठे जाणार?” धाकटे मालक म्हणाले. ते लहानपणापासून त्यांना काकाच म्हणायचे. “रंगच जुळवायचेत. फक्त हात काळे होणार नाहीत.”

पन्नाशी ओलांडलेले मास्तर कॉम्प्युटर शिकले. इथे प्रत्येक रंगाला अक्षरं आणि आकडे मिळून एक नंबर होता. नंबर टाकला की रंग हजर. सुरुवातीला त्यांना हे फार अळणी वाटलं, मग त्यातही ते रमले. चपलांच्या एका दुकानाला चांदण्यांऐवजी बूट हवे होते, एक बूट म्हणजे वाईट आणि पाच बूट म्हणजे उत्तम. मास्तरांनी दुकानाच्या मालकिणीला फोन करून गंभीरपणे विचारलं, “बाई, कुणी तीन बूट दिले तर उरलेला पाय अनवाणी जायचा का?” बाई आधी बुचकळ्यात पडल्या, मग हसत सुटल्या, आणि बुटांचे जोड झाले. दातांच्या एका डॉक्टरला सगळ्यात वाईट मतासाठी किडलेली दाढ हवी होती. मास्तरांनी ती इतकी हुबेहूब काढली की ऑफिसातल्या पोरी जेवताना ती स्क्रीन बंद करायला लावत.

“कोण एवढं बघतंय, काका?” धाकटे मालक म्हणायचे.

“लोक रागात असताना लिहितात हो हे,” मास्तर म्हणायचे. “निदान समोरचा कागद तरी नीटनेटका असावा. कुणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलाय असं वाटलं पाहिजे.”

अशा माणसाचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी सरळ रेघा मधेच वाकायला लागल्या. मग फिकट रंग एकमेकांत मिसळले, पाण्यात दूध सांडावं तसे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, आहे ते जपायचं, गेलेलं परत येत नाही. “मधलं जाईल, कडेचं राहील,” डॉक्टर म्हणाले. “माणूस येतोय हे कळेल. कोण येतंय ते कळायला वेळ लागेल.”

मास्तरांनी हे ऑफिसात सांगितलं नाही. रंग जुळवणाऱ्याचे डोळे काढून घेतले तर मागे काय उरतं? बायकोला तेवढं सांगितलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली होती. तिथे आयुष्यभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिलेले, त्यामुळे बोलणं स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना. त्यांनी आपसात एक युक्ती काढली. मास्तर दिवसभर नंबरांच्या आधारावर काम करायचे, आणि फॉर्म गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी संध्याकाळी घरी आपल्या फोनवर उघडून बायकोला दाखवायचे.

“हा निळा कसा आहे?”

“निळा आहे.”

“अगं पण कसा?”

“आपल्या बाथरूमच्या बादलीसारखा.”

“म्हणजे गडद झाला,” असं म्हणून मास्तर दुसऱ्या दिवशी दोन नंबर बदलायचे. हळूहळू बायको तयार झाली. ओल्या सिमेंटसारखा, जुन्या पावतीसारखा, औषधाच्या बाटलीसारखा, असं अचूक सांगायला लागली. मास्तर गमतीने म्हणायचे, “तुलाच नोकरीला ठेवायला पाहिजे.” ऑफिसात कुणाला संशयही आला नाही.

त्यातच एका शुश्रूषागृहाचं काम आलं. गावाबाहेरच्या रस्त्याला लांबलचक दुमजली इमारत. ऑपरेशननंतर, पडझड झाल्यावर, घरी बघायला कुणी नसलं की म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवत. तिथल्या मॅनेजरबाई स्वतः ऑफिसात आल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच, “डोळ्यांना शांत वाटलं पाहिजे. काही अंगावर येता कामा नये.” मास्तरांनी फिकट हिरव्याच्या छटा निवडल्या, आणि वर एक चित्र काढलं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेली शाल. चित्र त्यांनी जवळजवळ सवयीनेच काढलं, पण उतरलं सुरेख.

त्या आठवड्यात बायको घरी नव्हती. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं, ती तिकडे राहायला गेली होती. मास्तरांनी नंबर भरले. पानाचा हिरवा, चौकटीचा हिरवा, बटणाचा हिरवा, बटणावरच्या अक्षरांचा पांढरा. निदान त्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात एकच नंबर तीनदा भरला गेला होता. पान, बटण आणि त्यावरचं ‘पाठवा’ हा शब्द, तिन्ही एकाच रंगाचे झाले. त्यांच्या डोळ्यांना त्या छटा तशाही धुक्यासारख्याच दिसत होत्या. धाकट्या मालकांनी फॉर्म उघडला, खुर्ची बघितली, म्हणाले, “वा, काका.” मॅनेजरबाईंनी कळवलं, ‘फारच प्रसन्न.’ शेवटपर्यंत खाली कुणी गेलंच नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा मॅनेजरबाई केक घेऊन ऑफिसात आल्या. काम पुढे चालू ठेवायचं होतं.

“एक तक्रार नाही हो वर्षभरात!” त्या सगळ्यांना सांगत होत्या. “आमच्या बाकीच्या शाखांना बघा, रोज कटकट. वरच्या लोकांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.”

“आणि कुणी कौतुक केलं?” मास्तरांनी विचारलं.

“ते पण काही आलं नाही. पण कौतुक घेऊन काय करायचंय?” बाई हसल्या, धाकटे मालक हसले, पोरीही हसल्या. मास्तरांनी केकचा तुकडा परत बशीत ठेवला. छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण तक्रार न करणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. भिंतीच्या पोपड्याशी रंग तंतोतंत जुळवून दिला, तर तो माणूस कागद जाड आहे म्हणून भांडला होता.

रविवारी दुपारी त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. “हा जरा भरून बघ.”

तिने चेहरे निवडले, दोन शब्द लिहिले, बोटाने पान वर सरकवलं. “छान आहे. पण अहो, पाठवायचं बटण कुठंय?”

“खाली. हिरवं.”

“खाली काही नाही.”

“नीट बघ, चौकोनी आहे, त्यावर पाठवा लिहिलंय.”

तिने चष्मा पुसून परत बघितलं. फोन उजेडात धरला, मग सावलीत. “अहो,” ती हळूच म्हणाली, “इथे नुसतं कोरं आहे.”

मास्तर उठून घरच्या कॉम्प्युटरपाशी गेले, त्यावरही ऑफिसचे फॉर्म उघडायचे, आणि तिला नंबर वाचायला सांगितले. तिने वाचले. तिसरा नंबर ऐकताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

आता, या फॉर्मची एक गंमत असते. गंमत म्हणवत नाही, पण असते. माणसाने काही लिहिलं आणि पाठवलं नाही, तरी ते यंत्रात अर्धवट म्हणून पडून राहतं. एरवी ते कुणी उघडून बघत नाही, मालकाला फक्त पोचलेल्याचा हिशोब जातो. मास्तरांनी बायकोला ती जागा दाखवली. तिने उघडली, आणि “अगबाई” म्हणाली. उत्तरांवर उत्तरं होती.

“वाच,” मास्तर म्हणाले.

ती वाचायला लागली, एक्स्चेंजमधल्या त्याच स्वच्छ आवाजात. कुणाच्या आईला सलग थंड जेवण मिळालं होतं. कुणाच्या काकांचा चष्मा हरवला होता. एका मुलाने वरच्या मजल्यावरच्या एका नर्सचं भरभरून कौतुक केलं होतं, ‘त्यांना हे जरूर सांगा.’ एकाने लिहिलं होतं, ‘बटण दिसत नाही म्हणून काउंटरवर विचारलं, ते म्हणाले रेंज नसेल.’ आणि मग एका मुलीचं आलं. बाबा खालच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत आहेत, त्यांच्या पलंगापाशी असलेली बेल वाजत नाही, कृपया बघावं. पुढच्या आठवड्यात परत तिचंच. बेल अजून बंद आहे, बाबांना संडासला न्यायला कुणी आलं नाही, ते उठायला गेले आणि पडले. मग परत. मी आधी लिहिलेलं पोचतं का? खाली काही दिसत नाही, माझंच काही चुकतंय का? माझा नंबर देते. मग परत. त्यात फक्त एवढंच, ‘बेल.’

बायकोचा आवाज तिथे थांबला. एक्स्चेंजमध्ये असा कधी थांबला नसेल.

“नंबर आहे ना?” मास्तर म्हणाले. “लाव.”

“काय बोलणार आहात?”

“माहीत नाही. लाव.”

तिने लावून दिला. पलीकडून थकलेला, सावध आवाज आला. मास्तरांनी आपण कोण हे सांगायचा प्रयत्न केला. “तुमच्या वडिलांच्या बेलबद्दल तुम्ही लिहिलं होतंत ना, तो फॉर्म मी केला होता.”

“शुश्रूषागृहातून बोलताय का?”

“नाही. मी फॉर्मला रंग देतो. पाठवायचं बटण दिसत नव्हतं. चूक माझी आहे. तुम्ही लिहिलेलं तिथे पोचलंच नाही.”

मग ती म्हणाली, “म्हणजे कुणी वाचलंच नाही?”

“नाही.”

“मला वाटलं, वाचतायत आणि मुद्दाम करत नाहीयेत.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “तोंडावर भांडायची भीती वाटायची हो. आपण घरी निघून येतो, मागे बाबांवर राग काढला तर? म्हणून लिहीत होते. बाबा म्हणायचे, तू कुणाशी तरी बोल ना. मी म्हणायचे, लिहिलंय बाबा, येतील बघायला.”

“आता कसे आहेत ते?” मास्तरांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना उत्तर कळलं.

“गेले. दुसऱ्यांदा पडले त्यानंतर.” मग म्हणाली, “चित्र छान होतं तुमचं. बाबा म्हणायचे, अशी खुर्ची इथे कुठंय?” आणि तिने फोन ठेवला.

त्याच दुपारी बायकोच्या डोळ्यांनी मास्तरांनी बटण गडद केलं. जाड अक्षरं, काळ्याला टेकलेला हिरवा, आंधळ्यालाही दिसावा असा. सोमवारी ऑफिसात जाऊन त्यांनी धाकट्या मालकांना सगळं सांगितलं, डोळ्यांचंही.

धाकटे मालक वाईट नव्हते. त्यांचा चेहरा पडला. “एवढं लपवलंत, काका? मला सांगायचं होतंत.” मग दुसऱ्याच क्षणी, “हे आणखी कुणाला बोललात?”

“त्या मुलीला.”

“अरे देवा.” त्यांनी कपाळाला हात लावला.

“ती अर्धवट उत्तरं त्यांना पाठवून द्या,” मास्तर म्हणाले. “सगळी. निदान आता तरी वाचू द्या.”

“आणि काय सांगू? वर्षभर आमचा फॉर्म बंद होता?”

तेवढ्यात मॅनेजरबाईंचाच फोन आला. कालपासून तक्रारी सुरू झाल्या होत्या, एकामागून एक. बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “तुम्ही काहीतरी बिघडवून ठेवलंय. आधी किती छान चाललं होतं! पहिल्यासारखं करून द्या.” धाकटे मालक “हो मॅडम, बघतो मॅडम” म्हणत राहिले. फोन ठेवून त्यांनी मास्तरांकडे बघितलं नाही. ऑफिसातल्या एका मुलीला बोलावून म्हणाले, त्या फॉर्मला खालून आणखी दोन पानं प्रश्न जोड, बटण सगळ्यात शेवटी घे, फार ठसठशीत नको, दिसलं म्हणजे झालं. मुलीने मास्तरांकडे एकदा बघितलं आणि कामाला लागली. पोटासाठी बसलेली पोर, ती तरी काय करणार? दोन दिवसांत तक्रारी आटल्या. एवढं शेवटपर्यंत जायला कुणाला वेळ असतो?

मास्तरांना काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही. “डोळ्यांना आराम द्या, काका,” एवढंच झालं. निरोपाला धाकटे मालक जिन्यापर्यंत आले, हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या. पाठवणीला याहून प्रेमळ माणूस मिळाला नसता, आणि त्यामुळे रागवायलाही जागा राहिली नाही.

जाण्याआधी मास्तरांनी ती सगळी उत्तरं छापून घेतली होती. ती घेऊन दोघं नवरा-बायको शुश्रूषागृहात गेले. मॅनेजरबाईंनी बसायला खुर्च्या दिल्या, कागद हातात घेतले, वरचं पान चाळलं.

“तुम्ही कंपनीत नक्की कोण?”

“मी रंग द्यायचो.”

“अच्छा.” बाईंनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवले. “बघून घेऊ हं आम्ही. ती बेल तर केव्हाच दुरुस्त झालीय.”

बाहेर पडताना मास्तर बायकोला म्हणाले, “खालच्या मजल्याचा कोपरा बघू.” कुणी अडवलं नाही. खोलीत पलंगावर एक अगदी वाळलेले आजोबा उशीला टेकून बसले होते. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. मास्तरांनी चाचपडत पलंगाची कड शोधली, दोरीला लटकलेलं बटण हातात घेतलं आणि दाबलं. थांबले. परत दाबलं. बायको दारात उभी राहून बाहेर कान देत होती. तिने नाही म्हणून मान हलवली, पण ती मास्तरांना दिसली नाही.

“ते नका दाबू,” आजोबा म्हणाले. “ते नुसतंच आहे.”

“मग कुणाला बोलवायचं झालं तर?”

“थांबायचं,” आजोबा म्हणाले. “येतात कधीतरी.”

मास्तरांची बायको घरी आल्यावर त्या मुलीला फोन करून म्हणाली, तुझं सगळं लिहिलेलं आमच्याकडे आहे, तक्रार करायची असेल तर आम्ही येतो बरोबर. मुलगी म्हणाली, भाऊ नको म्हणतो, झालं ते झालं. नंतर तिने फोन उचलणंच बंद केलं. बायकोने मग स्वतःच अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या कचेरीला अर्ज लिहिला. मिळाल्याची पोच आली. त्यापुढे काही आलं नाही. दोनदा जाऊन विचारलं, तिथला कारकून म्हणाला, “रोगी तुमचा कोण?” आणि “कुणी नाही” म्हटल्यावर त्याने फाइल मिटली.

बाजारातून बायकोने एक छोटी पितळी घंटा आणली, मुठीत मावेल एवढी. पुढच्या भेटीला ती आजोबांच्या उशाशी ठेवली. आजोबांनी ती वाजवून बघितली आणि लहान मुलासारखे हसले. मास्तरांना हसणं दिसलं नाही, पण ऐकू आलं. त्या संध्याकाळी दोघं बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

त्यानंतरच्या भेटीत घंटा उशाशी नव्हती. बाकीच्यांना त्रास होतो म्हणून काढून ठेवली, असं आया म्हणाली. मास्तरांनी आजोबांचा हात हातात घेतला, तर तो वाटलं होतं त्याहून हलका लागला.

त्याच्या पुढच्या वेळी पलंगावर कोरी चादर अंथरलेली होती. काउंटरवरच्या मुलीने वहीत बोट फिरवून विचारलं, “तुम्ही नातेवाईक का?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“मग नाही सांगता येणार.”

“घरी गेले की...” बायकोने विचारायचा प्रयत्न केला.

“बाई, नियम आहे.”

ते दोघं बाहेर आले. फाटकापाशी बायको रडली, उभ्या उभ्या, तोंडाला पदर लावून. मास्तर तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. ती कुठे उभी आहे ते त्यांना कळत होतं. तिचा चेहरा असायला हवा तिथे आता फक्त राखाडी होतं. कुठल्या नंबरचं राखाडी, तेही त्यांना सांगता आलं नसतं. जरा वेळाने तिने डोळे पुसले, त्यांचा हात आपल्या दंडात अडकवला, आणि रस्त्याला लागली.